पोलाद नसलेली मुद्रा

भिलाईचा पोलाद कारखाना छत्तीसगड राज्याहून चार दशकांनी मोठा आहे. सोव्हिएत संघाबरोबर त्याचा करार झाला 1955 मध्ये. पहिली झोतभट्टी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली 4 फेब्रुवारी 1959 रोजी. राज्य अस्तित्वात आले ते 1 नोव्हेंबर 2000 रोजी, मध्य प्रदेशातून वेगळे होऊन. दल्ली राजहराच्या खाणींतले लोहखनिज भिलाईत येते, त्याचे रूळ होतात आणि ते देशभरच्या रेल्वेमार्गांवर पसरतात. छत्तीसगडबाहेरच्या माणसाला या प्रदेशातले एकच गाव नावाने माहीत असेल, तर ते बहुधा भिलाईच असते. असे असूनही राज्याच्या अधिकृत मुद्रेत पोलादाला जागा नाही. तिच्यात भट्टी नाही, धुराडे नाही, रूळ नाही, हातोडाही नाही. ही चूक आहे की निवड, या प्रश्नाचा पाठपुरावा केला की राज्यमुद्रा कशासाठी असते याचे उत्तर हाती लागते. राज्यात काय काय आहे याची यादी करणे हे मुद्रेचे काम नव्हे. हे राज्य कोणत्या गोष्टीवर हक्क सांगते आणि तो हक्क किती जुना आहे, हे ती ठसवते. छत्तीसगडच्या मुद्रेने हे काम बऱ्याच अंशी चोख केले आहे, पण एका ठिकाणी ती ठळकपणे कमी पडली आहे.

मुद्रा गोल आहे. परिघावर हिरव्या रंगात छत्तीस गडांची माळ आहे. आत सारनाथची सिंहमुद्रा आहे, भाताच्या सोनेरी लोंब्या आहेत, ऊर्जेचे चिन्ह म्हणून वीज आहे आणि राष्ट्रध्वजाच्या तीन रंगांतल्या लाटा आहेत. या लाटा म्हणजे राज्यातल्या नद्या. गोलाकार परीघ विकासाच्या सातत्याचा आणि हिरवा रंग समृद्धीचा व वनसंपदेचा, असा अर्थ सरकारने लावलेला आहे. असे सरकारी अर्थ बहुधा चित्र ठरल्यावर लिहिले जातात आणि ते कोणत्याही राज्याला लागू पडतात. विकासाचे सातत्य नको असलेले राज्य कुठे सापडणार? म्हणून चित्रावरचे स्पष्टीकरण बाजूला ठेवून चित्रच वाचलेले बरे. आणि ते वाचायचे तर आधी मूळ घराची मुद्रा समोर ठेवावी लागते. मध्य प्रदेशच्या मुद्रेतही गोल आहे, त्याच्या परिघावर चोवीस स्तूपाकृती आहेत, आत वटवृक्ष आणि सिंहमुद्रा आहे, एका बाजूला गहू आणि दुसऱ्या बाजूला भात आहे. दोन्ही मुद्रा शेजारी ठेवल्या की नात्याची खूण लपत नाही. बाहेरचे कडे, मधले सिंह, कडेचे धान्य ही मांडणी तीच आहे. बदलले आहे ते आशयात. स्तूपांच्या जागी गड आले, गहू गेला आणि भात तेवढा उरला, वटवृक्षाच्या जागी वीज आणि पाणी आले. घरातून वेगळा निघालेला भाऊ भांडी तशीच घेतो आणि चूल आपली मांडतो, तसे हे झाले. यातला गव्हाचा लोप मला विशेष बोलका वाटतो. माळव्याचा गहू आणि महानदीच्या खोऱ्यातला भात हा फरक ताटातला तर आहेच, शिवाय जमीन, पाऊस, मजुरी आणि सण यांचाही आहे. ‘धान का कटोरा’ म्हणवणाऱ्या प्रदेशाने आपल्या वेगळेपणाचे पहिले कारण एका लोंबीत सांगितले आहे.

सर्वांत जास्त विचार करण्याजोगे आहेत ते गड. रतनपूरच्या कलचुरी अर्थात हैहय राजांचे राज्य पुढे दोन शाखांत विभागले गेले. शिवनाथ नदीच्या उत्तरेला रतनपूरचे अठरा गड आणि दक्षिणेला रायपूरचे अठरा गड, अशी ती परंपरागत विभागणी आहे. भिलाईच्या वाचकाला यात लांबचे काही नाही, कारण शिवनाथ दुर्ग शहराजवळून वाहते आणि रायपूरच्या अठरा गडांच्या यादीत दुर्ग आणि पाटण ही नावे आहेत. पाटण आज दुर्ग जिल्ह्यातच आहे. म्हणजे मुद्रेच्या परिघावरच्या छत्तीस आकृतींपैकी निदान दोन या परिसरातल्या आहेत. मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर मात्र गड म्हटले की सह्याद्रीचा कडा, कातळातल्या पायऱ्या आणि बुरूज उभे राहतात. इथले गड तसे नव्हते. बरेचसे मातीचे तट आणि भोवती पाण्याचा खंदक असे होते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे गड हे महसुलाचे आणि कारभाराचे एकक होते. ढोबळमानाने चौऱ्याऐंशी गावांचा एक गड, त्याच्या पोटात बारा-बारा गावांची ‘बरहों’, गडावर दिवाण, बरहोंवर दाऊ आणि गावावर गौंटिया अशी ती उतरंड होती. सी. यू. विल्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1919 साली याच रचनेवर सविस्तर लेखन केले. त्यात दिसते ते एकाच बलाढ्य राजधानीच्या हुकमाखालचे राज्य नव्हे, तर पायऱ्यापायऱ्यांनी अधिकार वाटून घेतलेला, शेतीवर उभा असलेला समाज. मुद्रेवरचे छत्तीस गड एकसारखे, समान आकाराचे आणि एका वर्तुळात काढलेले आहेत. एकही मोठा नाही, एकही मध्यभागी नाही. जुन्या रचनेचे याहून प्रामाणिक चित्र काढणे कठीण होते.

ही रचना मोडली ती मराठ्यांनी, आणि मराठीत या विषयावर लिहिताना हे सांगितलेच पाहिजे. 1741 साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर रतनपुरावर आले आणि हैहयांची सत्ता संपत आली. 1758 पासून 1787 पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरात राहून कारभार केला. तिथल्या रामटेकडीवरचे राममंदिर त्यांच्याच काळातले. त्यांच्यानंतर नागपुराहून सुभेदार नेमले जाऊ लागले. विठ्ठलराव दिनकर या सुभेदाराच्या वेळी गडांची जुनी व्यवस्था काढून प्रांताचे सत्तावीस परगणे करण्यात आले आणि परगण्यावर कमाविसदार बसला. मोडी दप्तर, फडणीस, कमाविसदार ही सारी मराठी कारभाराची यंत्रणा छत्तीसगडात आली ती याच काळात. वसुली नागपूरच्या दृष्टीने नीट व्हावी हा तिचा हेतू होता, आणि दिवाण-दाऊंच्या वंशपरंपरागत अधिकारांना त्यात जागा नव्हती. पुढे 1818 नंतर इंग्रज अधीक्षक कर्नल ॲग्न्यू यांनी मुख्यालय रतनपुराहून रायपूरला नेले, मध्ये पुन्हा नागपूरकरांकडे सूत्रे आली, आणि 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर सारा प्रदेश थेट इंग्रजांकडे गेला. इतक्या उलथापालथीत गड कारभारातून केव्हाच नाहीसे झाले होते. राज्य स्थापन झाले तेव्हा त्यांना दोन शतके लोटली होती. तरीही नव्या राज्याने नागपूरचे परगणे घेतले नाहीत, इंग्रजांच्या तहसिली घेतल्या नाहीत, भोपाळने आखलेले जिल्हेही घेतले नाहीत. आपल्यावर बाहेरून हुकूम येऊ लागला त्याच्या आधीचा नकाशा त्याने परिघावर कोरला. हा दावा अगदी स्पष्ट आहे: हे राज्य 2000 साली कुणी देऊ केलेले नाही, ते आधीपासून होते. आम्हा मराठी लोकांना हा दावा समजायला जड जाऊ नये. फक्त इथे बाहेरून आलेल्यांत आपण होतो, एवढे मान्य करावे लागते.

यावर इतिहासकार हरकत घेतील आणि ती हलकी नाही. छत्तीस हा आकडा सर्व काळात खरा नव्हता. गडांच्या याद्या जुळत नाहीत, संख्या कमी-जास्त झाली. रायबहादूर हिरालाल यांनी तर नावाची उत्पत्ती ‘चेदीशगड’ म्हणजे चेदी राजांचा गड अशी सुचवली होती, आणि ती मानली तर छत्तीसचा हिशेबच निकालात निघतो. शिवाय हा प्रदेश त्याआधी कित्येक शतके दक्षिण कोसल म्हणून ओळखला जात होता. ही हरकत इतिहासाच्या पुस्तकात मान्य करावी, मुद्रेच्या बाबतीत मात्र ती कामाची नाही. मुद्रा शिलालेख नसते. लोकांनी आपल्या भूमीचे नाव ज्या अर्थाने शतकानुशतके घेतले, तो अर्थ तिथे दाखवणे पुरेसे असते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रतनपूरच्या गोपाल मिश्रांच्या ‘खूब तमाशा’त हे नाव येते. म्हणजे मराठे येण्यापूर्वीच ते रुळलेले होते. राज्यात आज 33 जिल्हे आहेत. उद्या ते वाढले किंवा घटले तरी परिघावरचे छत्तीस हलणार नाहीत, आणि हलू नयेत.

आता पुन्हा पोलादाकडे येऊ. मुद्रेतल्या वस्तू राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीशेजारी ठेवून पाहिल्या तर एक लक्षणीय मेळ दिसतो. शेती हा विषय राज्यसूचीत आहे, 14 व्या नोंदीत. पाणी 17 व्या नोंदीत आहे आणि जमीन 18 व्या. वीज समवर्ती सूचीत आहे, 38 व्या नोंदीत. जंगल पूर्वी राज्याकडे होते, 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने ते समवर्ती सूचीत गेले. मोठे उद्योग आणि खनिजांचे नियमन मात्र संसद ठरवील तेवढ्यापुरते संघसूचीच्या 52 आणि 54 या नोंदींनी केंद्राकडे येते. लोंबी, लाट आणि जमिनीवरचे गड ही राज्याची. वीज दोघांची. पोलाद केंद्राचे. भिलाईचा कारखाना केंद्र सरकारच्या ‘सेल’ या कंपनीचा आहे. तो उभा राहिला तेव्हा इथले लोक त्या निर्णयात कुठेच नव्हते, जमीन मात्र त्यांच्या गावांची गेली. त्या कारखान्याचे चित्र राज्याने आपल्या मुद्रेत काढले असते, तर दुसऱ्याच्या सहीवर आपला शिक्का मारल्यासारखे झाले असते. ज्यावर आपला हुकूम चालतो तेवढेच मुद्रेत असावे, हे तत्त्व इथे पाळले गेले आहे.

मुद्रा काढणाऱ्याने सातवी अनुसूची उघडून बसण्याची शक्यता फार कमी, असे कोणी म्हणेल. ते खरे असावे, पण चित्रकाराच्या मनात काय होते यावर हे म्हणणे उभे नाही. राज्य स्वतःकडे पाहताना काय आपले मानते आणि काय मानत नाही, ही जाणीव कायद्याच्या कलमांतही उतरते आणि चित्रातही उतरते. हे एकट्या छत्तीसगडचे नाही. राउरकेला असलेल्या ओडिशाने कोणार्कचा घोडा आणि योद्धा घेतला. बोकारो आणि जमशेदपूर असलेल्या झारखंडच्या आजच्या मुद्रेत हत्ती आणि पळसफुले आहेत. दुर्गापूर असलेल्या बंगालने आपले अक्षर घेतले. पोलादाच्या एकाही राज्याने पोलाद काढले नाही. याच्या उलट उदाहरण हवे तर भिलाई उभारायला मदत करणाऱ्या देशाचेच पाहावे. सोव्हिएत संघाच्या राजचिन्हात पृथ्वीच्या गोलावर हातोडा आणि कोयता होता, भोवती गव्हाच्या लोंब्या होत्या. तिथे राज्य स्वतःच कारखान्याचे मालक होते आणि कामगाराच्या नावाने सत्ता चालवत होते, म्हणून अवजार मुद्रेत आले. पूर्व जर्मनीने हातोड्याबरोबर कंपासही घेतला. लोंबी दोन्हीकडे सारखी आहे. हातोडा आला की नाही ते मालकी कोणाची यावर ठरले.

याहून जड हरकत खनिजाची आहे. कारखाना केंद्राचा असेल, पण दल्ली राजहराचा डोंगर छत्तीसगडच्या जमिनीत आहे आणि खनिजाचे स्वामित्वधन राज्याच्या तिजोरीत येते. शिवाय 25 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला की स्वामित्वधन हा कर नव्हे आणि खनिजाच्या हक्कावर कर लावण्याचा अधिकार राज्यांना आहे. त्या खटल्यातला एक पक्षकार भिलाईची मालक कंपनी ‘सेल’च होती. तेव्हा केंद्र आणि राज्य यांच्यातली रेषा सरकते आहे, हे मान्य केले पाहिजे. पण सरकणाऱ्या रेषेवर मुद्रा उभी करू नये. खाण संपते. भात दरवर्षी पुन्हा उगवतो. राज्यमुद्रेत जे काढायचे ते त्या राज्याइतके टिकणारे असावे, आणि लोहखनिज या कसोटीला उतरत नाही. पाणीही तसे एकट्याचे नाही. महानदीच्या वाट्यावरून ओडिशाशी वाद आहे आणि 2018 मध्ये त्यासाठी लवाद नेमला गेला. इंद्रावती महाराष्ट्राच्या गडचिरोलीची हद्द आखत गोदावरीला मिळते. पण नदी वाहत राहते आणि तिच्यावरचा दावा दर पिढीला नव्याने मांडावा लागतो. लाटांना राष्ट्रध्वजाचे रंग दिले आहेत, त्याने हा दावा अधिक नेमका होतो: पाणी आमचे आहे आणि देशाचेही आहे. भिलाईला हे वेगळे सांगायला नको. शेतीसाठी बांधलेल्या तांदुळा धरणाचे पाणीच तिथल्या भट्ट्यांना मिळत आले आहे.

इथपर्यंत मुद्रेची बाजू भक्कम आहे. ती कमी पडते ती बस्तर आणि सरगुजा यांच्या बाबतीत. हे दोन्ही प्रदेश रतनपूर-रायपूरच्या छत्तीस गडांत नव्हते. बस्तर हे स्वतंत्र संस्थान होते, तिथे काकतीय वंशाचे राजे आणि दंतेश्वरी ही राजदेवता होती, आणि 1948 साली ते विलीन झाले. सरगुजा 1905 पर्यंत छोटा नागपूरकडे जोडलेला होता. म्हणजे परिघावरचे कडे मधल्या भातपट्ट्याचे आहे. दक्षिण आणि उत्तर टोके त्याच्या बाहेर राहतात. 2011 च्या जनगणनेनुसार राज्यातली 30 टक्क्यांहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे, आणि राज्याचा साधारण 44 टक्के भाग वनक्षेत्र आहे. मुद्रेत या दोहोंच्या वाट्याला आला आहे तो केवळ गडांचा हिरवा रंग. साल वृक्ष राज्यवृक्ष आहे, रानम्हैस राज्यप्राणी आहे, डोंगरी मैना राज्यपक्षी आहे. मुद्रेत यातले काहीच नाही. वन आदिवासींचे आहे आणि रंगाने दाखवले आहे, असे समर्थन करता येईल, पण मला ते पटत नाही. राज्याच्या लोकसंख्येत ज्यांचा इतका मोठा वाटा आहे, त्यांना आकृती न देता रंगात विरघळवणे हा अन्याय आहे. मालकीची कसोटीही इथे उलट जाते. वीज आणि वन दोन्ही समवर्ती सूचीत असूनही विजेला आकृती मिळाली, वनाला मिळाली नाही.

रंगावर अवलंबून राहण्यात कारागिरीची चूकही आहे. मुद्रा हा शब्द आपण चिन्ह म्हणून वापरतो, पण तिचे मूळ काम ठसा उमटवण्याचे आहे. ठसा लाखेवर उमटो, कागदावर उमटो की शाईविना नुसत्या दाबाने उठो, त्याला रंग नसतो. कार्यालयाच्या जांभळ्या शाईच्या शिक्क्यात छत्तीसगडचे हिरवे गड, सोनेरी लोंबी आणि तीन रंगांच्या लाटा साऱ्या एकाच रंगाच्या होतात. तिरंगी लाटांचा अर्थ नाहीसा होतो आणि वनाचा तर मागमूस राहत नाही. शिवाजी महाराजांची अष्टकोनी मुद्रा याच्या उलट होती. तिच्यात चित्र नव्हते, फक्त अक्षरे होती, आणि प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी ही मुद्रा लोककल्याणासाठी आहे, हा तिचा आशय कोणत्याही शाईत तितकाच वाचता येत होता. पत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि शेवटी मर्यादा, म्हणजे पुढे कुणी ओळ घुसवू नये, अशी तिची शिस्त होती. महाराष्ट्र राज्याने आपल्या मुद्रेत तोच संस्कृत आशय राज्याच्या नावाने घेतला, आणि समई व कमळाच्या पाकळ्या काढल्या. त्यात सिंह नाहीत. मराठी राज्याला आपला जुना दावा अक्षरांत सापडला, छत्तीसगडला तो नकाशात सापडला. दोन्ही मार्ग योग्य आहेत. पण नकाशा ठशात वाचता आला पाहिजे, आणि छत्तीसगडचे छत्तीस गड नाण्याएवढ्या शिक्क्यात केवळ दातेरी कडा होतात.

मुद्रा बदलता येते. झारखंडने राज्याच्या विसाव्या वर्षी, 2020 मध्ये, आपली मुद्रा बदलली आणि तिच्यात आदिवासी नृत्याच्या आकृती आणल्या. तेलंगणात 2024 मध्ये काकतीय कमान आणि चारमिनार काढण्याचा विचार झाला तेव्हा मोठा वाद पेटला. दहा वर्षांच्या मुद्रेभोवतीही लोकांचे मन गुंतलेले असते, हे त्यातून दिसले. छत्तीसगडने बदल करायचा ठरवला तर राष्ट्रीय राजचिन्हाच्या वापराबाबतच्या 2007 च्या नियमांनुसार, सिंहमुद्रा ज्यात आहे अशा रचनेला केंद्राची आधी मंजुरी घ्यावी लागेल. त्यात भिलाईचे धुराडे घालण्याची मागणी होईलच, ती नाकारावी. गडांचे कडे तसेच ठेवावे. आत सालाचे झाड आणावे, आणि बस्तर-सरगुज्याच्या कारागिरांकडून त्याची रेषा काढून घ्यावी. पहिला नमुना एकाच शाईत, रुपयाच्या नाण्याएवढा काढून दंतेवाडा, अंबिकापूर आणि भिलाई या तिन्ही ठिकाणच्या लोकांपुढे ठेवावा, आणि त्यांना तो ओळखू आला तरच मंजुरीसाठी दिल्लीला पाठवावा.